वाचकांचे प्रश्न : ओकावांगोच्या पाण्यावर कॅमेरा घेऊन

आफ्रिकेतील पाणथळ प्रदेशांत मार्गदर्शकासह होणाऱ्या वन्यजीव छायाचित्रण सफारींविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख बोत्स्वानातील ओकावांगो त्रिभुज प्रदेशाकडे आहे, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे त्या प्रदेशाला धरूनच दिली आहेत. एक पत्र केनियातून आले आहे. त्यातला प्रश्न सर्वच पाणथळींना लागू पडणारा असल्यामुळे त्याला मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

आमची ओकावांगोची सहल दिवाळीच्या सुट्टीत ठरत आहे. पावसाळा नुकताच संपलेला असल्यामुळे तेव्हा पाणी भरपूर असेल, असे आयोजक सांगतात. ही वेळ छायाचित्रणासाठी योग्य आहे का? — एक वाचक, पुणे

आपल्या आयोजकांनी महाराष्ट्रातील पावसाळ्याचे गणित ओकावांगोला लावलेले दिसते, आणि ते तेथे लागू पडत नाही. या प्रदेशाला भरणारा पाऊस बोत्स्वानात नव्हे, तर शेकडो किलोमीटर उत्तरेला अंगोलाच्या उंच पठारावर पडतो, आणि तोही साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात. कुबांगो आणि कुइतो या नद्या ते पाणी दक्षिणेकडे आणतात. मार्च-एप्रिलच्या सुमारास पुराचे पाणी मोहेम्बोपाशी बोत्स्वानात शिरते, पण पुढची जमीन इतकी सपाट आहे की ते वाहण्यापेक्षा पसरतच जाते, आणि गवत, बोरू व पपायरस यांतून वाट काढत खालच्या टोकाच्या माउन गावापर्यंत पोहोचायला त्याला जून-जुलै उजाडतो. म्हणजे आकाशातून थेंबही पडत नाही अशा कोरड्या हिवाळ्यात येथे पाणी सर्वांत जास्त असते. हे पाणी कोणत्याही समुद्राला मिळत नाही. त्यातील बहुतांश वाफ होऊन आणि वनस्पतींच्या पानांतून हवेत परत जाते. २०१४ साली ओकावांगोचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, तेव्हा ते त्या यादीतील हजारावे स्थळ ठरले. कोरड्या ऋतूत येणारा हा पूर आणि त्याच्याशी जुळलेले प्राण्यांचे जीवनचक्र हे या प्रदेशाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे.

दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पूर्वार्धात, हा पूर ओसरलेला असतो. दुपारचे तापमान चाळीस अंशांपर्यंत जाऊ शकते, हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर असतो, आणि हंगामी पाण्याच्या भागांत होडी चालतच नाही. म्हणून ही वेळ वाईट आहे असे मात्र नाही. पाणी आटत जाते तसे हत्ती, रानरेडे आणि त्यांच्या मागावरचे सिंह उरलेल्या पाण्याभोवती एकवटतात. नदीकाठच्या उभ्या दरडींत बिळे करणाऱ्या किरमिजी वेड्या राघूंच्या वसाहती याच दिवसांत गजबजलेल्या असतात. आणि पहिल्या वळवाचे ढग येऊ लागले की महिनोन्‌महिने कोऱ्या राहिलेल्या आकाशाला अचानक आकार येतो. परंतु आपल्या मनात कमळे, होडी, पाण्यातली प्रतिबिंबे आणि गुडघाभर पाण्यातून झेपा घेत पळणारे लाल लेचवे हरणांचे कळप असतील, तर जून ते ऑगस्ट हाच काळ निवडावा. लेचवेचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असतात, त्यामुळे पाण्यातून पळताना त्याचे अंग पुढे झुकते आणि प्रत्येक उडीसरशी पाण्याचा फवारा मागे उडतो. हिवाळ्यातल्या सकाळच्या तिरप्या उन्हात तो फवारा जसा उजळतो तसा ऑक्टोबरच्या धुरकट उजेडात उजळत नाही. हिवाळ्यात उघड्या जीपमध्ये पहाटे कडाक्याची थंडी लागते, एवढी तयारी मात्र ठेवावी लागेल.

आयोजकांना एकच प्रश्न विचारावा: आम्ही राहणार त्या कॅम्पसमोरचे पाणी कायमचे आहे की हंगामी? या प्रदेशात सुमारे ६ लाख हेक्टर कायमची दलदल आहे आणि १२ लाख हेक्टरपर्यंतचा गवताळ भाग केवळ पुराच्या वेळी पाण्याखाली जातो, त्यामुळे दोन कॅम्प नकाशावर शेजारी दिसले तरी त्यांचे ऋतू वेगळे असू शकतात. शिवाय पूर दरवर्षी सारखा नसतो. २०१९ साली तो अगदीच क्षीण होता. माहितीपुस्तिकेतले छायाचित्र कोणत्या वर्षातल्या कोणत्या महिन्याचे आहे, हे विचारण्यात संकोच करू नये.

मोकोरो नावाच्या अरुंद होडीत बसून छायाचित्रे काढता येतात, असे वाचले. माझे वय साठीच्या आसपास आहे आणि पोहता येत नाही. पाणघोडे आणि मगरी असलेल्या पाण्यात हे धाडस करावे का? — एक शिक्षिका, नाशिक

मोकोरो ही पूर्वी एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरलेली होडी असे. त्यासाठी जुनी, मोठी झाडे तोडावी लागत, म्हणून आता प्रवाशांसाठी बहुतेक ठिकाणी त्याच आकाराच्या फायबरग्लासच्या होड्या वापरतात. दोन प्रवासी पुढे बसतात आणि मागे उभा राहिलेला नावाडी लांब बांबूसारख्या काठीने ती ढकलत नेतो. हे कौशल्य येथील बायेई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहे. होडी जाते ती खोल प्रवाहातून नव्हे, तर बहुधा कमरेइतक्या किंवा त्याहूनही उथळ पाण्यातून, आणि पाणघोड्यांचा वावर असलेल्या खोल डोहांपासून नावाडी मुद्दाम लांब राहतो. धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पाणघोडा हा या पाण्यातला सर्वांत गांभीर्याने घ्यावा असा प्राणी आहे. परंतु परवानाधारक नावाडी असेल, त्याने थांबा म्हटले की आपण थांबत असाल आणि होडीत उठून उभे राहण्याचा मोह टाळत असाल, तर आपल्या वयात हे निश्चित जमेल. तरंगण्याचे जाकीट आधीच मागून ठेवावे. गुडघे किंवा पाठ दुखत असेल, तर तासभर पाय लांब करून बसणे जमेल का याचा विचार मात्र प्रामाणिकपणे करावा, कारण खरी अडचण बहुधा तीच असते.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने मोकोरोला तोड नाही. आपण जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसलेले असता, त्यामुळे पक्षी डोळ्यांच्या रेषेत येतो आणि त्याच्या मागचा काठ लांब राहून अलगद धूसर होतो. जीपच्या उंचीवरून कितीही महाग लेन्स लावली तरी ही चौकट मिळत नाही. इंजिन नसल्यामुळे थरथर नाही आणि आवाजही नाही. मोठी पाचशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स येथे अडगळ ठरते. १००-४०० सारखी झूम लेन्स हातात धरून वापरणे सोयीचे. एक कोरडी पिशवी जवळ असावी, कारण काठीवरून निथळणारे पाणी हमखास अंगावर येते.

आणि कृपया मोठ्या प्राण्यांची वाट पाहत हा वेळ घालवू नये. बोरूच्या देठाला चिकटून बसलेला, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान असा रंगीत ठिपक्यांचा बेडूक नावाडी काठी थांबवून दाखवतो, तेव्हा तो सापडायला आपल्याला बराच वेळ लागतो आणि नंतर प्रत्येक देठावर डोळे त्यालाच शोधू लागतात. कमळाच्या पानांवरून चालणारा आफ्रिकी कमळपक्षी तर आवर्जून पाहावा. त्याच्यात पिल्ले सांभाळतो तो नर. संकटाची चाहूल लागताच तो पिल्लांना पंखांखाली धरून उचलतो आणि चालू लागतो. पिल्लांचे लांबलचक पाय त्याच्या कुशीतून खाली लोंबत असतात आणि क्षणभर त्या एका पक्ष्याला सहा-आठ पाय असल्याचा भास होतो. असे दृश्य दिसले तर दोन-चार छायाचित्रे घेऊन नावाड्याला मागे सरायला सांगावे, कारण त्या नराने पिल्ले उचलली याचा अर्थ आपण फार जवळ आलो आहोत.

मोरेमी अभयारण्यातील सफारी स्वस्त आणि खासगी क्षेत्रातील फार महाग, असे दिसते. फरक नेमका कशाचा? आणि ‘छायाचित्रण सफारी’ म्हणून जास्त पैसे घेतात, त्यात वेगळे काय मिळते? — एक दांपत्य, ठाणे

मोरेमी हे ओकावांगोतच बाटावाना समाजाने १९६३ साली आपल्या स्वतःच्या शिकारीच्या भूमीवर स्थापन केलेले अभयारण्य आहे, आणि केवळ या इतिहासासाठीही ते पाहण्यासारखे आहे. तेथे वाहन रस्ता सोडून जाऊ शकत नाही आणि रात्रीची सफारी करता येत नाही. भोवतालच्या भाडेपट्ट्याच्या खासगी क्षेत्रांत वाहन रस्त्याबाहेर नेता येते, रात्री फिरता येते आणि गाइडसोबत पायी हिंडता येते. बोत्स्वानाने थोडे पर्यटक आणि अधिक दर हे धोरण जाणीवपूर्वक स्वीकारले आहे, त्यामुळे या क्षेत्रांत वाहने मोजकीच असतात आणि किंमत त्याची असते. ख्वाईसारखी स्थानिक समाजाच्या ताब्यातील क्षेत्रे या दोहोंच्या मधली आहेत; मर्यादित खर्चात जायचे असेल, तर मोरेमी आणि ख्वाई यांची जोड माझ्या मते सर्वांत शहाणपणाची.

रस्ता सोडण्याची मुभा छायाचित्रकाराला हवीशी वाटते, कारण बिबट्याच्या कोणत्या बाजूला ऊन आहे हे पाहून वाहन फिरवता येते. पण याच मुभेचा अतिरेक झाला की चाकांखाली गवत चिरडले जाते आणि शिकारीला निघालेल्या रानकुत्र्यांची वाट अडवली जाते. म्हणून ‘छायाचित्रण सफारी’ या नावाला भुलण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: एका वाहनात किती जण असतील, प्रत्येकाला स्वतंत्र रांग किंवा दोन्ही बाजू मोकळ्या मिळतील का, आणि गाइड स्वतः छायाचित्रणाची भाषा जाणतो का. नऊ जणांच्या जीपमध्ये मधल्या आसनावर बसून कोणत्याही नावाची सफारी सारखीच होते. ओकावांगोबाहेर, बोत्स्वानाच्या उत्तरेकडील चोबे नदीवर कासाने येथे खास छायाचित्रणासाठी बांधलेल्या होड्या असतात. त्यांत फिरती खुर्ची आणि लेन्स टेकवायचा आधार प्रत्येकाला स्वतंत्र मिळतो. जड लेन्स असलेल्यांना त्याचे पैसे देणे परवडते.

गाइडविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. आपल्याकडील सहलींत सोबत येणारा नामवंत छायाचित्रकार आणि तेथला स्थानिक गाइड या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. पहिला आपल्याला कॅमेरा शिकवतो, पण बेबून माकडांनी दिलेला इशारा, वाळूवरचा ताजा माग आणि लांबवर घिरट्या घालणारी गिधाडे यांचा अर्थ दुसराच लावतो. पहिल्या दिवशीच त्या स्थानिक गाइडला शांतपणे सांगावे की आम्हाला प्राण्यांची यादी पुरी करायची नाही, एकाच ठिकाणी दोन तास बसायची आमची तयारी आहे. पर्यटकांच्या घाईपायी या गाइडांना एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे धावावे लागते. बसायची तयारी असलेला प्रवासी मिळाला की ते आपले खरे ज्ञान मोकळेपणाने देऊ लागतात.

लहान विमानात सामानाची मर्यादा फार कमी असते, असे कळले. कॅमेऱ्याचे सामान कसे न्यावे? लस, सीमाशुल्क यांविषयीही सांगावे. — एक वाचक, कोल्हापूर

माउनहून आतल्या कॅम्पपर्यंत लहान विमानाने जावे लागते. त्यात साधारण १५ ते २० किलोची मर्यादा असते, ती कॅमेरा धरून असते, आणि बॅग मऊ, बिनचाकांची लागते, कारण कडक सुटकेस त्या विमानाच्या पोटात बसतच नाही. कपडे कमी करावेत. बहुतेक कॅम्पमध्ये धुवून मिळतात. ट्रायपॉड घरी ठेवावा. लेन्स टेकवायची रिकामी बीनबॅग, म्हणजे कापडी पिशवी, न्यावी आणि माउनमध्ये तांदूळ किंवा डाळ घेऊन ती भरावी. लिथियमच्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक हातातल्या बॅगेतच हव्यात. तेथे तीन गोल पिनांचे आणि चौकोनी पिनांचे असे दोन्ही सॉकेट आढळतात, म्हणून चौकोनी पिनांचा अडॅप्टर जवळ असावा. महागडा कॅमेरा आणि लेन्स भारतातून बाहेर नेताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्यांच्या अनुक्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना त्या वस्तू परदेशात विकत घेतल्या नाहीत हे दाखवता येते. त्यासाठी विमानतळावर थोडे लवकर पोहोचावे.

ओकावांगोत मलेरिया आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. पीतज्वराच्या बाबतीत प्रवासाचा मार्ग महत्त्वाचा ठरतो. केनिया आणि इथिओपिया हे देश पीतज्वराच्या यादीत आहेत, म्हणून तेथे मुक्काम किंवा विमानबदल असेल तर लस घ्यावी. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

एक गोष्ट विचारलेली नसली तरी सांगतो. या विमानप्रवासात कॅमेरा बॅगेत ठेवू नये. वारुळांभोवती माती आणि झाडे साचत जाऊन येथील असंख्य बेटे तयार झाली आहेत. काठावरची झाडे पाणी शोषून घेतात आणि क्षार बेटाच्या मध्याखाली साठत जातात, त्यामुळे कित्येक बेटांचा मध्य उजाड, पांढुरका आणि कडा हिरव्यागार दिसतात. त्यांच्यामधून गेलेल्या, पाणघोड्यांनी रहदारीने मोकळ्या ठेवलेल्या वाटा तर वरूनच नीट कळतात. २४-७० सारखी लेन्स, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद, आणि अंगात गडद कपडे, म्हणजे काचेत आपलेच प्रतिबिंब येत नाही. लेन्स काचेला टेकवू नये. विमानाची थरथर छायाचित्रात उतरते.

ड्रोन नेता येईल का? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि सहलीला जाणाऱ्याने तो नेऊच नये. पक्ष्यांच्या वसाहतीवर तो आवाज काय परिणाम करतो हे एकदा पाहिले की परवानगी मागावीशीही वाटत नाही.

नैवाशा सरोवरावर आमच्या नावाड्याने पाण्यात मासा फेकून शीळ घातली आणि मत्स्यगरुड अगदी होडीजवळ झेपावला. छायाचित्र अप्रतिम आले. मित्रमंडळी म्हणतात यात गैर काही नाही, पण मला ते दाखवताना अवघडल्यासारखे होते. आपले मत काय? — नैरोबीत राहणारे एक वाचक

आपल्याला वाटलेले अवघडलेपण योग्य आहे, असे मला ठामपणे वाटते. हा मासा बहुधा मेलेला असतो आणि तो बुडू नये म्हणून त्याच्या पोटात पपायरसच्या देठाचा तुकडा खुपसलेला असतो. पक्ष्याने मासा उचलला की तो तुकडाही त्याच्यासोबत जातो. नावाड्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्याची कमाई आपल्यासारख्यांच्या समाधानावर चालते, आणि मागणी आपण करतो म्हणून तो मासे घेऊन निघतो. पण त्यामुळे त्या सरोवरावरचे गरुड होडीच्या आवाजाला अन्नाची खूण समजू लागतात, माणसाजवळ येण्याची भीती सोडतात, आणि एका जोडीच्या हद्दीत दिवसभर होड्यांची रांग लागते. छायाचित्रण म्हणूनही त्यातून नवे काही हाती लागत नाही. तोच कोन, तीच पसरलेली नखे, तोच अर्धवट तरंगणारा मासा अशी हजारो छायाचित्रे आधीच आहेत. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या लंडनच्या स्पर्धेत जिवंत आमिष वापरून काढलेले छायाचित्र चालत नाही. मेलेल्या माशाच्या बाबतीतही निदान ती गोष्ट छायाचित्राखाली लिहिणे हे आपले कर्तव्य आहे. आपण तेवढे केलेत, तरी ते छायाचित्र दाखवताना अवघडावे लागणार नाही.

आमिषाशिवाय हा पक्षी टिपता येतो, फक्त वेळ लागतो. मत्स्यगरुडाची जोडी आपली हद्द सहसा सोडत नाही आणि दिवसाचा बहुतेक वेळ पाण्याकडेच्या एखाद्या वठलेल्या झाडावर बसून काढते. सकाळी लवकर त्या झाडापासून बऱ्याच अंतरावर होडी थांबवावी, सूर्य पाठीशी घ्यावा आणि वाऱ्याची दिशा पाहावी. मोठे पक्षी वाऱ्याला तोंड करून झेप घेतात, त्यामुळे तो कोणत्या बाजूला निघेल याचा अंदाज येतो. मान मागे टाकून तो साद घालू लागला आणि जोडीदाराने उत्तर दिले की तो क्षणही झेपेइतकाच मोलाचा असतो. कधी सबंध सकाळ तो जागचा हलत नाही, हेही खरे.

हाच विवेक वाळूच्या दांड्यांवर अंडी घालणाऱ्या आफ्रिकी स्किमर पक्ष्यांच्या बाबतीत अधिकच लागतो. पाणी ओसरल्यावर ओकावांगोच्या वरच्या भागात आणि चोबे नदीत जे दांडे उघडे पडतात, त्यांवर हे पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतात, आणि वेगाने गेलेल्या होडीची एक लाट ती अंडी धुऊन नेऊ शकते. दांडा दिसला की होडीचा वेग कमी करायला आपणच सांगावे. छायाचित्र न घेता निघून जावे लागले तरी चालेल.

पांढऱ्या डोक्याच्या मत्स्यगरुडाचे डोके छायाचित्रात नेहमी जळून जाते, असे अनुभवी लोक सांगतात. जाण्यापूर्वी महाराष्ट्रात कोठे सराव करता येईल? — एक वाचक, सोलापूर

गडद पाण्याची पार्श्वभूमी मोठी असली की कॅमेरा एकूण दृश्य उजळवतो आणि पांढऱ्या पिसांतला तपशील नाहीसा होतो. एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) कमी करून पाहावे आणि हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड तपासत राहावी. पक्षी आकाशात शिरला की हे गणित उलटते, म्हणून शक्य असेल तर उजेड स्थिर असताना मॅन्युअलवर राहणे उत्तम.

सरावाला आपल्याला लांब जावे लागणार नाही. उजनीच्या जलाशयावर भिगवणला स्थानिक मच्छीमार आपल्या होड्यांतून छायाचित्रकारांना नेतात, आणि तेथे दिसणारा काळा-पांढरा कवड्या खंड्या हा ओकावांगोत आणि चोबेवर दिसणाऱ्या खंड्याच्याच जातीचा आहे. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली करून नेम धरतो आणि दगडासारखा कोसळतो. हलत्या होडीतून, हातात लेन्स धरून, सेकंदाच्या अडीच-तीन हजाराव्या भागाच्या शटरने त्याचा डोळा फोकसमध्ये ठेवता येऊ लागला, आणि त्याच चौकटीत त्याचा पांढरा गळाही शाबूत राहिला, तर मत्स्यगरुडासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही. रोहित पक्ष्यांच्या हंगामात तेथे गर्दी होते. खंड्यासाठी आठवड्याच्या मधला एखादा दिवस निवडावा आणि होडीवाल्याला आधीच सांगावे की थव्यामागे जायचे नाही.